पाच हजारांत एक

शाळेतून निकाल आला तेव्हा प्रणिता मगदूम जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याचे नमुने तपासत होती. कृष्णेतून उचललेलं पाणी जयसिंगपूरच्या नळांना सोडण्याआधी त्यात क्लोरीन किती उरलंय, गढूळपणा किती आहे, हे रोज पाहणं तिचं काम. हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवून तिने फोन उघडला. दोन मुलांचे दोन मेसेज होते. धाकटा पार्श्व, बालवाडीतला: पाच हजारांत एक. थोरली सन्मती, चौथीतली: पाचात एक.

शून्यं कापली गेली असतील असं वाटून तिने फोन आडवा धरून पाहिला. आकडा तोच होता. खाली लिहिलं होतं, आपल्या बालरोगतज्ज्ञांना भेटा, घाबरू नका.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कोरोनाचा नवा प्रकार गावभर फिरून गेला होता. मुलांना त्याने फारसं छळलं नाही. दोन दिवस नाक गळलं, अंग कोमट झालं, की पोर पुन्हा सायकलवर. मगदूमांच्या घरीही तेच झालं. दोघंही मुलं एकाच आठवड्यात शिंकली आणि बरी झाली. डॉक्टरांना धास्ती असे ती त्यानंतरची. विषाणू शरीरातून निघून गेल्यावर काही आठवड्यांनी एखाद्या मुलाची प्रतिकारशक्ती त्याच्याच अंगावर उलटायची. विषाणूच्या कवचाचा एक तुकडा आणि आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं एक प्रथिन दिसायला जवळजवळ सारखं. चोर पळून गेल्यावरही पहारेकऱ्यांनी त्याच रंगाचा सदरा घातलेल्या घरच्याच माणसांवर काठी चालवावी, तसं काहीसं. मग ताप चढायचा, डोळे लाल व्हायचे, पोट दुखायचं आणि हृदय थकत जायचं. वेळेत कळलं तर औषध होतं. पण सुरुवातीला ही सगळी लक्षणं साध्या तापासारखीच दिसत, आणि लहान मुलाला आपल्याला काय होतंय ते धड सांगताही येत नाही.

त्यासाठीच शाळाशाळांत 'शलाका' आली होती. गालाच्या आतून फिरवायची एक काडी. लाळेत विषाणूविरुद्ध तयार झालेली जी प्रतिपिंडं असतात, त्यांतली किती त्या प्रथिनालाही चिकटतात हे यंत्र मोजायचं आणि हजारो मुलांच्या नोंदींशी ताडून त्या मुलाच्या बाबतीत धोका किती ते सांगायचं. रोग झालाय असं शलाका म्हणत नसे. होण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगे.

दुसऱ्याच दिवशी प्रणिता आणि तिचा नवरा अभिनंदन सन्मतीला घेऊन मिरजेला डॉ. नसरीन मुजावरांकडे गेले. पार्श्वच्या जन्मापासून दोन्ही मुलांना त्याच पाहत होत्या. सन्मतीची छाती, पोट, मान सगळं तपासून त्या म्हणाल्या की आज हिला काहीही झालेलं नाही. पुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे आधीच गोळ्या सुरू करून प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची. पण अशा पाच मुलांतल्या चौघांना तो रोग होणारच नसतो. त्यांची ताकद उगाच कमी होते, आणि थंडीच्या दिवसांत साधा न्यूमोनियासुद्धा जिवावर बेतू शकतो. दुसरी वाट होती बघत राहण्याची. संक्रांतीपर्यंत रोज नीट बघायचं. संक्रांत सरली की धोकाही सरला असं समजायचं.

काय बघायचं तेही त्यांनी सन्मतीलाच समोर बसवून शिकवलं. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ सुकून फुटलेले. जीभ तांबडीलाल आणि दाणेदार. तळहात-तळपाय सुजलेले. अंगावर पुरळ. पोटात दुखणं, उलट्या. नख दाबून सोडायचं, पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी व्हायला हवं. आणि ताप. यातलं एखादं लक्षण एकटंच दिसलं तर घाबरायचं नाही, पण ताप आणि सोबत आणखी दोन दिसली तर फोन करण्यातही वेळ घालवायचा नाही, सरळ इकडे यायचं.

घरी आल्यावर अभिनंदनने गोळ्यांचा विषय काढला. त्याचं ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान होतं, आणि रोग दिसायची वाट न बघता आधीच फवारणी करणारी माणसं त्याच्या रोजच्या उठबशीतली. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, मग हातावर हात धरून का बसायचं, असं त्याचं म्हणणं. धडधाकट मुलीला गोळ्या द्यायला प्रणिताचं मन धजत नव्हतं. दोन दिवस घरात हाच वाद चालला. शेवटी तो थकून म्हणाला, "तू बघणार असशील तर ठीक आहे."

त्या वाक्याचं ओझं प्रणिताने अंगावर घेतलं. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं आणि जेवणाआधी तपासणी. खिडकीपाशी उजेडात सन्मतीला उभं करून ती डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघे, जीभ बघे, मग दहा बोटांची दहा नखं. केंद्रावरून दुपारी शाळेत फोन करून बाईंना विचारी की डबा खाल्ला का, झोपाळल्यासारखी वाटते का. बाईंनी धसका घेऊन सन्मतीला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि खो-खोच्या संघातून काढलं. वर्गातली मुलं तिला 'पाचात एक' म्हणू लागली. ती आधी रडली, मग चिडली, मग गप्प झाली. तपासणीच्या वेळी ती आईकडे न बघता खिडकीबाहेर बघायची. तिला जरा खोकला आला तरी घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांचे हात जागच्या जागी थांबत.

पार्श्व या सगळ्याकडे बघत असे. पहिल्या आठवड्यात तो ताईच्या मागे रांगेत उभा राहायचा आणि तिचं झालं की पुढे येऊन जीभ बाहेर काढायचा. प्रणिता त्याच्या गालावर टिचकी मारून म्हणायची, तुला काही नाही रे राजा, तू पास झालायस.

"मग मला पण नापास कर," तो एकदा म्हणाला.

सगळे हसले. सन्मतीसुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी.

त्यानंतर पार्श्वचं पोट दुखायला लागलं. ताईची तपासणी सुरू झाली की ते दुखायचं आणि कुणीतरी मांडीवर घेतलं की थांबायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर प्रणिताने ते मनावर घेणं सोडलं. त्यालाही कुणीतरी बघायला हवं होतं, एवढंच ते दुखणं होतं. हे सन्मतीच्या लक्षात आलं असावं. संध्याकाळी स्वतःची सुटका झाली की ती त्याला मागच्या पायरीवर न्यायची आणि आपल्यावर जे जे केलं गेलं ते सगळं त्याच्यावर करायची. डोळे वर कर, आ कर, बोट दे. तो शहाण्या पेशंटासारखा बसून राहायचा. हा त्यांचा खेळ आहे, एवढंच प्रणिताला माहीत होतं.

डिसेंबर संपत आला. एका शुक्रवारी पार्श्व शाळेतून आला तो अंग गरम घेऊनच. बालवाडीत तापाची साथ होती, निम्मी मुलं घरीच होती. प्रणिताने त्याला तापाचं औषध पाजलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो सन्मतीचा. याचा ताप तिला लागला आणि तिचं अंग तापलं, तर तो साधा ताप की ती भीती, हे आपण ओळखणार कसं? तिने पार्श्वची गादी बाहेरच्या खोलीत टाकली आणि सन्मतीला बजावलं की त्याच्याजवळ जायचं नाही. शनिवारी त्याने दोनदा उलटी केली आणि पोट दुखतंय म्हणाला. अभिनंदनने त्याला लिंबूपाणी दिलं. पार्श्व काही न मागता पडून राहिला. शहाण्यासारखा झोपलाय, असं प्रणिता फोनवर आपल्या आईला म्हणालीसुद्धा.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. सन्मती दारात येऊन उभी राहिली.

"मम्मी, त्याचं नख पांढरंच राहतंय."

प्रणिताला आधी राग आला. तुला त्याच्याजवळ जाऊ नको म्हटलं होतं ना, असं काहीतरी ती बोलली. सन्मती हलली नाही. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं तिने एकेक सांगितलं. डोळे लाल आहेत, चिपडं नाहीत. जीभ तांबडी आहे. ओठ चिरलेत. "मी तीनदा दाबून बघितलं," ती म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, "तो हसत पण नाहीये."

प्रणिता पिठाच्या हातांनीच बाहेरच्या खोलीत गेली. पार्श्व कुशीवर होता. पडद्यामुळे खोलीत अंधार होता, तो पडदा तिनेच ओढून घेतला होता, पोराला झोप लागावी म्हणून. तिने तो सरकवला. उजेडात त्याचे डोळे दिसले. तिने त्याचं बोट हातात घेऊन दाबलं आणि सोडलं. नख पांढरं पडलं आणि तसंच राहिलं. मग कडेने सावकाश, जणू नाइलाजाने, रंग भरू लागला. सदरा वर केला तर पोटावर पुरळ. छातीचा भाता भराभर हलत होता. एवढे दिवस ती जे शोधत होती ते सगळं तिथे होतं. पुस्तकातल्या चित्रासारखं स्पष्ट.

अभिनंदनने गाडी काढली. मिरजेचा रस्ता एरवी अर्ध्या तासाचाही नाही, पण कारखान्यांचा हंगाम होता आणि उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक लागलेल्या. एका ठिकाणी ट्रॉलीचं चाक रुतून रस्ता अडला होता. अभिनंदन गाडीतून उतरून पळत पुढे गेला आणि त्याने हात जोडून दोन ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावले. मागच्या सीटवर पार्श्वचं डोकं प्रणिताच्या मांडीवर होतं आणि पाय सन्मतीच्या. सन्मती त्याच्या पायाचा अंगठा धरून बसली होती. दवाखाना येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

डॉ. मुजावर रविवार असूनही आल्या. त्यांनी पोराला पाहिलं, आणि त्यानंतर कितीतरी वेळ त्या या दोघांशी बोलल्याच नाहीत, फक्त सिस्टरांशी बोलत राहिल्या. पार्श्वला आत नेलं. बऱ्याच वेळाने त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की रक्तदाब खूप उतरलाय, हृदय निम्म्याच ताकदीने चालतंय. शिरेतून प्रतिपिंडांचं औषध आणि स्टेरॉइड सुरू केलंय. आजची रात्र आणि उद्याचा दिवस महत्त्वाचा.

शलाका चुकली का, असं अभिनंदनने विचारलं.

"नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "पाच हजारांत एक म्हणजे शून्य नव्हे. तो एक कुणाच्या तरी घरचा असतोच."

त्यांनी विचारलं, आधी कुणाच्या लक्षात आलं? प्रणिताने सन्मतीकडे बोट केलं. डॉक्टरांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. त्यांनी सिस्टरला बोलावून सन्मतीचंही रक्त घ्यायला लावलं आणि हृदयाची सोनोग्राफी केली. सगळं ठीक निघालं. आजच्यापुरतं, असं त्या म्हणाल्या.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर प्रणिता बसून राहिली. केंद्रावर हाताखालची मुलं कधी म्हणत, मॅडम, कालचा नमुना स्वच्छ होता, आजचा राहू दे. ती त्यांना फैलावर घ्यायची. काल स्वच्छ होता म्हणून आज न बघता पाणी सोडायचं नाही. तीच प्रणिता एका आकड्यावर विसंबून, पोटचं पोर न बघता राहिली होती. त्याने रांगेत उभं राहून जीभ दाखवली होती. पोट दुखतंय म्हणाला होता. दाराआड एक यंत्र संथ लयीत वाजत होतं. लय जरा बदलली की ती दारापाशी जाऊन कान द्यायची.

तिला दुसऱ्याही गोष्टीची भीती वाटत होती. तू बघणार असशील तर ठीक आहे, असं अभिनंदन म्हणाला होता. आता तो कधीतरी बोलणार. ती त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिली, रविवारी, सोमवारी. तो औषधं आणायला खाली जाई, वर येई, पाण्याची बाटली तिच्या हातात देई आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसे. त्याने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटू लागलं.

सोमवारी दुपारी रक्तदाब सावरू लागला. मंगळवारी पार्श्वने डोळे उघडून पाणी मागितलं. त्या संध्याकाळी अभिनंदनच्या बहिणीने पाठवलेला डबा दोघांच्या मध्ये उघडा होता. अभिनंदन डब्याकडे बघत बोलला.

"शनिवारी लिंबूपाणी मीच दिलं होतं. त्याचा हात गार होता. मला वाटलं, ग्लासामुळे."

प्रणिताने त्याच्याकडे पाहिलं. तो रडत होता. लग्न झाल्यापासून त्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती सरकून त्याच्याजवळ बसली. त्यापलीकडे त्या विषयावर त्यांच्यात कधी बोलणं झालं नाही.

पार्श्वला साध्या खोलीत हलवल्यावर प्रणिता पहिल्यांदा घरी आली. सन्मती इतके दिवस आत्याकडे होती, तीही आली. घर तसंच होतं. ओट्यावर परातीतलं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. प्रणिता ते खरवडत असताना सन्मती मागे येऊन उभी राहिली. डॉक्टर काय म्हणाल्या, पार्श्व कधी येणार, सगळं विचारून झालं. हृदयाच्या एका रक्तवाहिनीला थोडा फुगवटा राहिलाय, तो बहुतेक भरून येईल, तोवर पळायचं नाही, हे प्रणिताने तिला सांगितलं. तरी ती तिथेच घुटमळत राहिली.

"माझं त्याला गेलं का?"

प्रणिताला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला आणि तिने परात खाली ठेवली. या पोरीने आठवडाभर हे कुणाला न सांगता आत ठेवलं होतं. तिला होणार होतं, सगळे तिला जपत होते, म्हणून ते जागा बदलून भावाकडे गेलं. प्रणिताने तिला जवळ ओढलं आणि सांगितलं की तसं नसतं. तुझं वेगळं होतं, त्याचं वेगळं. तुझ्यामुळे त्याला काही झालं नाही. तुझ्यामुळे तो वेळेत दवाखान्यात पोचला.

सन्मतीने ऐकून घेतलं. ती हुशार मुलगी होती. तिने थोडा वेळ विचार केला.

"मग माझं अजून यायचंय?"

खोटं बोलणं सोपं होतं. प्रणिताच्या ओठांवर ते आलंही होतं. एकाला झालं म्हणजे दुसऱ्याचं टळलं, असं हिशेबाने व्हायला हवं होतं, आणि ते तसं नव्हतं. सन्मतीचा आकडा पाचात एकच होता. संक्रांतीला अजून अवकाश होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

सन्मतीने मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला सरळ उत्तर दिलं असावं, तसा तिचा चेहरा थोडा सैल झाला.

"मग उद्या शाळेत जाऊ?"

प्रणिताला नको म्हणायचं होतं. दार लावून, दोघींनी एकाच पांघरुणात, संक्रांत उलटेपर्यंत बसून राहावं असं वाटत होतं. तिने हो म्हटलं.

सकाळी तिने वेणी घातली, डबा भरला. सन्मतीने बाईंना द्यायला एक चिठ्ठी मागितली. खो-खोला परत घ्यावं अशी. प्रणिताने ती लिहिली. कोपऱ्यावर रिक्षा आली, तीन-चार पोरांनी आतून सन्मतीला हाक मारली, ती दाटीवाटीने आत बसली आणि रिक्षा निघाली.

त्या मुलीला पुढे काहीच झालं नाही, हे आज सांगता येतं. त्या सकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रणिता केंद्रावर गेली, तिने पहिला नमुना भरून घेतला, आणि शाळेत फोन करायची वेळ झाली तेव्हा फोन उचलून पुन्हा खाली ठेवला.